जपानी माणूस मॉडेलं एवढी बनवतो, मग टेबलावर लढाया का खेळत नाही?

निवांत_पाटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, तीन-चार वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं पोटात घाला.

कामानिमित्त दीड वर्षापासून जपानमध्ये कावासाकी शहरात आहे. आमच्या टीममध्ये एक सीनियर आहेत, पन्नाशी उलटलेले, दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर डोक्यावरून पाणी. मागच्या शनिवारी त्यांच्याबरोबर तोक्योतल्या आकिहाबाराला गेलो आणि मॉडेलच्या दुकानात शिरल्याशिरल्या ह्या माणसाची जी टकळी सुरू झाली, ती थांबेचना. 'हा खोका नवा आहे पण आतला साचा माझ्या लहानपणचाच आहे', 'ह्या रणगाड्याची चाकं घ्यायची तर ह्याच कंपनीची', मी आपला हो हो करत मागे मागे.

आणि दुकान तरी केवढं! रणगाडे, विमानं, युद्धनौका, रोबो हे धरून चाललो होतो, पण किल्ले, देवळं, मालट्रक, आणि हसू नका, कप नूडल्सचं खऱ्या मापाचं मॉडेल, म्हणजे आतल्या नूडल्सपण प्लास्टिकच्या. घेणारी पोरंसोरं नव्हतीच फारशी. सूटबूटवाले बापये, दोन कॉलेजातल्या मुली, एक आजोबा तर खिशातून भिंग काढून खोक्याच्या बाजूची चित्रं बघत होते.

मग वरच्या मजल्यावर खेळायची जागा होती तिकडे गेलो, तीसेक टेबलं, सगळी भरलेली, पण जवळजवळ सगळीकडे पत्त्यांचे गेम. कोपऱ्यातल्या दोनच टेबलांवर ते छोटे रंगवलेले सैनिक, पडक्या भिंती, फासे वगैरे मांडून वॉरगेम चालू होता. म्हणजे खाली बनवायचं सामान डोंगराएवढं आणि वर लढणारे चार टाळकी.

तर प्रश्न असा की एवढं वेड आलं कुठून, आणि एवढं बनवतात तर खेळत का नाहीत? आणि अजून एक खटकलं, ज्या देशाने १९४७ पासून घटनेतच युद्ध सोडून दिलंय त्याच्या दुकानात दुसऱ्या महायुद्धातली यामातो युद्धनौका सात-आठ मापांत मिळते, ह्याचं त्यांना काही वाटत नाही का? सीनियरना विचारायची हिंमत झाली नाही.

चहाचा_मळा

शिझुओकात नऊ वर्षं काढलीत, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर बोलायचा थोडाफार हक्क आहे असं समजतो. तुम्ही दुकानात जे खोके बघितलेत त्यातले बहुतेक ह्या एकाच भागातून निघतात. तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी सगळे इथलेच, बांदाईचा गंडम ह्या टीव्हीवरच्या रोबोंच्या मॉडेलांचा कारखानापण इथेच. शहरात टपालपेटी आणि फोनबूथसुद्धा असे उभे केलेत की जणू किटच्या फ्रेममधून अजून तोडायचे बाकी आहेत. पहिल्यांदा बघितल्यावर मला वाटलं दुरुस्तीचं काम चालू आहे.

का इथेच, तर लाकूड. सतराव्या शतकात, तोकुगावा शासकांच्या काळात इथला किल्ला आणि सेंगेन देऊळ बांधायला कारागीर आणले, त्यातले बरेच इथेच राहिले, मागच्या डोंगरात लाकूड मुबलक, मग फर्निचर, लाखेची भांडी, खेळणी असं करत करत हात तयार झाले. आओशिमा १९२४ ची, हासेगावा १९४१ ची, दोघांची सुरुवात लाकडी मॉडेलांतूनच. तामिया तर १९४६ साली लाकडाची वखार म्हणून सुरू झाली. प्लास्टिक नंतर आलं. अमेरिकेतून प्लास्टिकची किट यायला लागली आणि लाकूड तासत बसणाऱ्यांचं धाबं दणाणलं. जपानी कंपनीचं पहिलं प्लास्टिक किट १९५८ चं, मारुसान नावाच्या कंपनीची नॉटिलस पाणबुडी. तामियाने १९६० मध्ये प्लास्टिकची यामातो काढली आणि तोंडावर आपटले, कारण त्याच वेळी दुसऱ्या कंपनीची यामातो स्वस्तात बाजारात होती.

मग त्यांनी पँथर रणगाडा काढला आणि नशीब फिरलं. त्याची गोष्ट मला फार आवडते. हा रणगाडा मोटरवर चालायला हवा होता, मग आत मोटर, गिअर आणि बॅटऱ्या मावतील एवढं अंग ठेवलं. माप नंतर मोजलं तर ते साधारण ३५ ला १ निघालं! आज जगभरात बहुतेक कंपन्या रणगाड्यांची मॉडेलं १/३५ मध्ये काढतात, त्याचं मूळ एका बॅटरीच्या जाडीत आहे. कसला शास्त्रीय विचार नि कसलं काय.

पण पुढे हेच लोक मापाच्या बाबतीत इतके काटेकोर झाले की पोर्श ९११ चं मॉडेल करायचं म्हणून खरी गाडी विकत घेतली आणि पार सुटी करून टाकली. परत जोडायला पोर्शचा मेकॅनिक बोलवावा लागला.

आणि १९७१ ची वॉटरलाइन मालिका. पाण्याच्या रेषेपासून वरचाच भाग असलेल्या १/७०० मापाच्या युद्धनौका. चार कंपन्या, एकमेकींच्या सख्ख्या स्पर्धक, एकत्र बसल्या आणि आख्खं जपानी आरमार आपसांत वाटून घेतलं, ही नौका तू कर, ती मी करतो. एकच नौका चौघांनी काढून चौघांनीही बुडायचं कशाला. फुजिमी १९९२ मध्ये बाहेर पडली पण मालिका अजून चालूच आहे.

दरवर्षी मे महिन्यात हॉबी शो असतो इथल्या ट्विन मेस्से हॉलमध्ये, जमलं तर याच. कंपन्यांचे स्टॉल सोडा, जपानभरातले मॉडेलरांचे क्लब आपापली टेबलं मांडतात ते बघायला या, पाय मोडतील पण हॉल संपणार नाही.

आळशी_अजगर

माहितीपूर्ण प्रतिसाद, चहावाले काका! पण गनप्लाचं, म्हणजे गंडमच्या प्लास्टिक मॉडेलांचं, एका ओळीत उरकलंत, हा अन्याय आहे, आम्ही रोबोवाले निषेध नोंदवतो.

निवांतभाऊ, तुमच्या सीनियरच्या वयाचा माणूस म्हणजे शंभर टक्के गनप्ला पिढी. गंडम मालिका १९७९ मध्ये टीव्हीवर आली तेव्हा कुणी बघत नव्हतं, प्रायोजक वैतागले, ठरल्यापेक्षा आधीच गुंडाळली. मग रिपीट टेलिकास्टमध्ये पोरांनी डोक्यावर घेतली आणि जुलै १९८० मध्ये बांदाईने पहिलं किट काढलं, १/१४४ माप, किंमत ३०० येन. म्हणजे शाळकरी पोराच्या खाऊच्या पैशात बसणारं. त्यानंतर जी झुंबड उडाली ती उडाली, दुकान उघडायच्या आधी रांगा, १९८२ मध्ये चिबातल्या एका दुकानात तर सरकत्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन मुलं जखमी झाली होती.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुढे ह्या लोकांनी गोंद आणि रंग दोन्हीची गरजच काढून टाकली. भाग एकमेकांत खटकन बसतात, प्लास्टिकच मुळात त्या त्या रंगाचं. काहीही येत नसलेला माणूस दुपारी बसला तर संध्याकाळी हातात रोबो. मी स्वतः पुरावा आहे, मला भिंतीत खिळा ठोकता येत नाही.

ओसाकाची_मेधा

मूळ प्रश्न बाजूला राहिला का? 'खेळत का नाहीत' ह्यावर माझं मत सांगते. निवांत, तुम्ही ज्याला सामान म्हणताय ना, तोच खेळ आहे. बनवणं हीच लढाई, पुढे काही उरत नाही.

माझा नवरा आधीपासून ह्यात होता, मी लॉकडाऊनमध्ये शिकले. कसं असतं ते सांगते. सगळे भाग एका प्लास्टिकच्या जाळीला चिकटलेले असतात, तिला इथे रनर म्हणतात. निप्परने, म्हणजे कापायच्या छोट्या पकडीने, भाग तोडायचा, पण एकदम अंगालगत नाही. आधी दोन-तीन मिलिमीटर लांबून तोडायचा आणि मग उरलेला दांडा दुसऱ्यांदा हळूच कापायचा. एका घावात कापलं तर प्लास्टिकवर ताण येऊन तिथे पांढरा डाग उठतो, आणि गडद निळ्या भागावर तो डाग असा दिसतो की बास. मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ६००, मग ८००. मग पत्र्यांच्या खाचांमध्ये पातळ काळा रंग सोडायचा, ब्रशचं टोक नुसतं खाचेला टेकवायचं, रंग आपोआप खाचेतून पळत जातो. तो पळतो ना, त्या दोन सेकंदांसाठी मी आख्खा आठवडा ऑफिस करते असं म्हटलं तरी चालेल.

निप्परची पण इथे काय मिजास! नीगाताकडचं त्सुबामे-सांजो म्हणजे पिढ्यान् पिढ्या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्यांचा भाग, तिथले मॉडेलसाठीचे निप्पर पाच-सहा हजार येनला जातात आणि स्टॉक आला की संपतो. नाजूक इतके की जाड प्लास्टिक कापलं तर धार तुटते. नवऱ्याने माझ्यासाठी वेगळा घेतला तेव्हा मला कळलं की आता आपण ह्या घरात गंभीर मॉडेलर आहोत. (अंगठीच्या वेळी एवढा विचार केला नव्हता त्याने.)

आता जागा. आमचं घर दोन खोल्यांचं. वॉरगेमला सहा फूट बाय चार फूट टेबल लागतं असं म्हणतात, आमच्याकडे एवढं टेबल ठेवलं तर आम्ही दोघांनी बाल्कनीत झोपायचं. मॉडेलला काय, एक कटिंग मॅट आणि दिवा पुरतो, आणि बनवून झालं की काचेच्या कपाटात. रंगाचं मात्र संकट आहे. सुरुवातीला मी लॅकर रंग बाथरूममध्ये उडवला, एक्झॉस्ट पंखा लावून, अगदी शहाणपणाने. वास सरळ शेजाऱ्यांच्या बाल्कनीत, आणि दुसऱ्या दिवशी इमारतीच्या सूचनाफलकावर अतिशय नम्र भाषेत कागद, 'काही रहिवाशांकडून तीव्र वास येत असल्याचे समजते, कृपया काळजी घ्यावी'. नाव नव्हतं, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून रंगवायला तासाच्या भाड्याने जागा मिळते तिकडे जाते, तिथे हवा ओढणारा बूथ आणि कॉम्प्रेसर तयार असतो.

आणि न बनवलेले खोके? त्यालाही शब्द आहे, त्सुमिपुरा, म्हणजे रचून ठेवलेली मॉडेलं. आमच्याकडे कपाटावर छतापर्यंत आहेत. त्यामुळे खेळायला वेळ नाही असं नाही, बनवायलाच वेळ नाही, घेण्यातच सगळा जातो.

षट्कोनी

मेधाताईंचं पटतंय पण एक दुरुस्ती. जपानी माणूस टेबलावर लढाया खेळत नाही असं नाही, एकेकाळी भरपूर खेळायचा, फक्त सैनिक रंगवून नाही तर पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या घेऊन, षट्कोनी खाने पाडलेल्या नकाशावर. तिकडे त्याला बरेचदा सिम्युलेशन गेम म्हणतात. सत्तरच्या दशकात हॉबी जपान कंपनी अमेरिकन गेम आयात करायची, मग १९८१ च्या आसपास एकदम लाट आली, बांदाई आणि एपॉक ह्या चक्क खेळण्यांच्या कंपन्यांनी स्वतःचे वॉरगेम काढले, टॅक्टिक्स नावाचं मासिक निघालं. मिडवे, स्टालिनग्राड, सेकिगाहारा, जे म्हणाल ते.

आणि मग १९८३ मध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, आला. त्याच वर्षी कोएई कंपनीने नोबुनागा ह्या जुन्या जपानी सरदारावरचा कॉम्प्युटर गेम काढला, ज्यात तेच सगळं होतं, प्रांत, सैन्य, धान्याचा हिशोब, फक्त हिशोब मशीन करत होतं. चाळीस पानी नियमपुस्तिका वाचून दीडशे सोंगट्या मांडायच्या आणि मग मांजर टेबलावर चढणार, त्यापेक्षा हे बरं की. १९८८ मध्ये निन्टेन्डोने स्वतःचा वॉरगेम काढला तोवर आमची जमात बरीच आटली होती. म्हणजे लढणारे गेले नाहीत, टेबल सोडून पडद्यावर गेले. उरलेली टेबलं पुढे पत्त्यांच्या गेमने घेतली, ते तुम्ही बघितलंतच. अजूनही कमांड मॅगझिनसारखी मासिकं निघतात ज्यांच्या प्रत्येक अंकात एक पूर्ण गेम नकाशा-सोंगट्यांसकट येतो, पण आमच्या गटात चाळिशीच्या आतला मी एकटाच, मला अजून 'पोरा' म्हणतात.

युद्धाचं काही वाटतं का ह्याबद्दल. मी एका म्हाताऱ्या खेळाडूला विचारलं होतं, त्यांनी उत्तर न देता अमेरिकेविरुद्धच्या मिडवेच्या आरमारी लढाईची गोष्ट सांगितली. मे १९४२ मध्ये यामातोवरच टेबलावर सराव झाला, फासे टाकून. त्यात अमेरिकन विमानांनी आकागी आणि कागा ह्या जपानी विमानवाहू नौका बुडवल्या. तेव्हा पंच असलेल्या ॲडमिरल उगाकीने निकाल फिरवला, फटके कमी धरले, सराव पुढे चालू. हे तिथे हजर असलेल्यांनीच नंतर लिहिलंय. जूनमध्ये खऱ्या लढाईत जपानच्या तिथल्या चारही विमानवाहू नौका गेल्या. आजोबा म्हणाले, 'आम्ही फासा पडेल तो मान्य करतो, एवढंच.' मला तरी ह्याहून चांगलं उत्तर मिळालेलं नाही.

मॉडेलवाल्यांचं वेगळं आहे. तामियाच्या खोक्यावर बघा, मागे पांढरं कोरं, आग नाही धूर नाही, नुसतं यंत्र. त्यांना ती वस्तू आवडते, तिने काय केलं हा भाग चौकटीबाहेर. ह्याला कुणी पळवाट म्हणेल, मीही कधीकधी म्हणतो.

आळशी_अजगर

षट्कोनी, मांजराचं वाक्य अनुभवातून आलेलं दिसतंय.

बाकी आपण दिवाळीत किल्ला करतो तेव्हा तरी कुठे लढाई खेळतो, मावळे मांडतो, लांबून बघतो, कुणी हलवला तर बोंब मारतो. मेधाताई म्हणतात तेच.

निवांत_पाटी (धागाकर्ता)

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मेधाताई, बाथरूमची आयडिया माझ्या डोक्यात होती, वाचलो.

ते कोपऱ्यातल्या दोन टेबलांबद्दल कुणी सांगेल का, खरं सांगायचं तर मला तेच करून बघावंसं वाटतंय. जपानी यथातथाच आहे, लोक खेळायला घेतात का?

इंचपट्टी

घेतात की, मी त्या कोपऱ्यातलाच :) तुमच्या दुकानातला नाही पण तोक्योमधल्याच एका. वॉरहॅमर खेळतो.

हा इंग्लंडचा गेम, नियमपुस्तकं जपानीत मिळतात, तोक्योत त्यांची स्वतःची दुकानंही आहेत, तिथे नवख्याला बसवून एक सैनिक रंगवायला देतात, भीड ठेवू नका. गंमत म्हणजे जपानमध्ये आयुष्य सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि ह्या टेबलावर मात्र सगळं इंचात, सहा इंच चालला, चोवीस इंचांवर गोळी मारली. पहिल्यांदा मी ऑफिसची स्टेशनरीची पट्टी घेऊन गेलो होतो तर समोरच्याने काही न बोलता आपली इंचांची टेप माझ्याकडे सरकवली, म्हणून हे नाव.

खेळाआधी दोघंही वाकून 'योरोशिकु ओनेगाइशिमास', संपल्यावर 'अरिगातो गोझाइमाश्ता', हरलेला पण जिंकलेला पण. मध्ये वीस-वीस फासे एकदम टाकायचे आणि एखादा टेबलावरून खाली पडला तर तो मोजायचा नाही. शंका आली की कुणी भांडत नाही, दोघं पुस्तकात डोकं घालतात, नाही सापडलं तर फासा टाकून ठरवतात. भाषा म्हणाल तर आकडे आणि 'सुमिमासेन' (माफ करा) एवढ्यावर माझा पहिला महिना गेला.

पण मेधाताईंचं म्हणणं इथेही लागू आहे बरं का. आमच्यात एक जण आहे, सहा वर्षं झाली, सैन्य असं रंगवलंय की माशीएवढ्या डोळ्यात बुबुळ दिसतं. अजून एकही डाव खेळलेला नाही. दर रविवारी येतो, बाजूला बसून रंगवतो, आमचा डाव बघतो, घरी जातो. विचारलं तर म्हणतो सैन्य अजून पूर्ण झालं नाही. ते होणार नाही हे त्यालाही माहितेय आणि आम्हालाही.

एकच सल्ला, आधी दहा सैनिक घ्या, जास्त नको. नाहीतर तुमच्याकडेही ते त्सुमि-काय-ते सुरू होईल.

निवांत_पाटी (धागाकर्ता)

अपडेट द्यायला आलोय, तीन आठवड्यांनी.

सैनिक घेतले नाहीत. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सीनियरना सहज म्हटलं की मला काहीतरी बनवून बघायचंय, तर दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पिशवी, आत वॉटरलाइनची एक छोटी विनाशिका, जुना निप्पर आणि वापरलेल्या पॉलिश पेपरचे तुकडे नंबर लिहून. पैसे घेतले नाहीत, म्हणाले घरी भिंत रिकामी होतेय म्हणून बायको खूश आहे.

दोन रविवार बसलो. तोफेचं नळकांडं चिमट्यातून टुण्णकन उडालं ते कुठे गेलं देव जाणे, ततामीच्या चटईवर रांगत अर्धा तास शोधलं. सीनियरना सांगितलं तर त्यांनी सूचनापत्रकाच्या कोपऱ्यातला एक चौकोन दाखवला, तो सुट्या भागांच्या मागणीचा फॉर्म होता, भागाचा नंबर लिहून पैसे पाठवले की कंपनी तो भाग पोस्टाने धाडते. एवढ्याशा नळकांड्यासाठी! फॉर्म भरून टाकलाय.

पत्ता कांजी लिपीत लिहायला तेवढी त्यांचीच मदत घ्यावी लागली, आणि लिहिता लिहिता ते माझ्याशी सलग वीस मिनिटं बोलले.